पाकळीची एक कड गुळगुळीत, दुसरी उचकटलेली: कोरताना लाकूड फाटतं तेव्हा दोष कुठे शोधायचा

आमच्या लाकूडकाम क्लबात कोरीवकामाच्या टेबलावर दर बैठकीला कोणीतरी एक फळी माझ्या नाकासमोर धरतं आणि म्हणतं, "हे बघा, परत तेच झालं." फळीवर काय असणार ते बघायच्या आधीच ठाऊक असतं. फुलाच्या पाकळीची एक कड काचेसारखी चकचकीत आणि तिच्याच समोरची कड उंदराने कुरतडल्यासारखी. पुढचा प्रश्नही ठरलेला: "पटाशी खराब आहे का?" दुसऱ्या आठवड्यात तोच माणूस दुसऱ्याची पटाशी घेऊन येतो. तिसऱ्या आठवड्यात लाकूड बदलतो. कड मात्र उचकटायची ती उचकटतेच.

हसण्यासारखं यात काही नाही, मीही बराच काळ हेच केलं. एकामागून एक हत्यारं जमवली आणि लाकडाला शिव्या घातल्या. शेवटी लक्षात आलं की मी उपाय आधी करत होतो आणि निदान नंतर. फाटलेली जागा स्वतःच सांगते की दोष कशात आहे. फक्त ती नीट वाचावी लागते, आणि वाचताना हातात पटाशी नसलेली बरी.

तेव्हा सगळ्यात आधी हत्यार खाली ठेवा. फळी खिडकीजवळ किंवा दिव्याजवळ न्या आणि प्रकाश बाजूने, अगदी तिरका पडेल अशी धरा. वरून पडलेल्या उजेडात काहीच कळत नाही. तिरक्या उजेडात प्रत्येक उचकटलेला तंतू आपली सावली पाडतो. आता हे बघा की फाटलेलं नेमकं *कुठे* आहे.

वळणाच्या ठरावीकच भागात फाटलंय आणि बाकीचं स्वच्छ आहे, तर दोष दिशेत आहे. धार आणि लाकूड दोन्ही निर्दोष. सगळीकडेच थोडं थोडं फाटलंय, अगदी सरळ सोप्या कापातसुद्धा, आणि कापलेला भाग चमकण्याऐवजी पिठासारखा मळकट दिसतोय, तर धार गेलेली आहे. खोबणीचा तळ स्वच्छ आहे पण तिच्या दोन्ही काठांना करवतीसारखे दाते दिसतायत, तर पटाशी गरजेपेक्षा खोल घुसली आहे. आणि नक्षीशी काहीही संबंध नसलेल्या ठिगळांसारख्या जागी फाटतंय, दिशा बदलली तरी फाटतंय, तर मात्र लाकडाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

माझ्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत पहिला प्रकार सर्वांत जास्त, त्याखालोखाल दुसरा. लाकडाचा दोष खरोखर निघतो तो क्वचित. लोक मात्र बरोबर उलट्या क्रमाने संशय घेतात.

दिशा: एका वर्तुळाची परीक्षा

"रेषेविरुद्ध कोरू नका" (रेषा म्हणजे लाकडातले तंतू जातात ती दिशा) हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं जातं, आणि सगळे मान डोलावतात. सरळ रेघेपुरतं ते समजतंही. घोळ होतो वळणावर, कारण वळणावर रेषा तीच राहते आणि तुम्ही मात्र दर सेंटीमीटरला दिशा बदलत असता.

लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या लांब तंतूंची जुडी. झाडूच्या काड्यांची घट्ट बांधलेली मूठ आडवी धरली आहे आणि तिला तिरका काप द्यायचा आहे, असं समजा. धार उतारावरून खाली येत असेल तर प्रत्येक काडीच्या पाठीशी खालच्या काड्यांचा आधार असतो, म्हणून ती जागच्या जागी तुटते. धार तोच उतार चढत असेल तर ती काड्यांच्या मोकळ्या टोकांमधून आत शिरते, काडी कापण्याऐवजी उचलते आणि चीर धारेच्या पुढे, तुम्हाला ठेवायच्या असलेल्या भागात धावत सुटते. उचकटणं म्हणतात ते हेच. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसं.

आता परीक्षा. टाकाऊ फळीवर कंपासने साधारण 8 सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. तंतू डावीकडून उजवीकडे जातील अशी फळी ठेवा आणि वर्तुळाला घड्याळाची तबकडी समजा. 12 आणि 6 या ठिकाणी वर्तुळाची रेघ तंतूंना समांतर जाते, 3 आणि 9 ला ती तंतूंना आडवी छेदते. व्ही पटाशीने, म्हणजे इंग्रजी V सारखी धार असलेल्या पटाशीने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, न थांबता पूर्ण फेरी मारा. मग तिरका उजेड.

पटाशीला चांगली धार असूनही असं दिसेल: 6 पासून 3 पर्यंत खोबणीची आतली भिंत स्वच्छ, बाहेरची उचकटलेली. 3 पासून 12 पर्यंत नेमकं उलट, आतली उचकटलेली, बाहेरची स्वच्छ. 12 ते 9 पुन्हा आतली चांगली. 9 ते 6 पुन्हा बाहेरची. दर पाव फेरीला बाजू बदलते. आता हीच फेरी काट्यांच्या दिशेने मारा, सगळा हिशेब उलटा होईल.

ही परीक्षा मी प्रत्येक नव्या माणसाला करायला लावतो. यात लक्षात येण्याजोगी गोष्ट ही की व्ही पटाशीला दोन पंख असतात, आणि तिरक्या भागात त्यातला एक पंख नेहमी रेषेसोबत चालतो तर दुसरा रेषेविरुद्ध. एकाच वेळी दोन्ही भिंती स्वच्छ निघाव्यात ही अपेक्षाच चूक आहे. हे कळल्यावर कित्येकांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. "म्हणजे माझा हात वाईट नाही?" असं एका काकूंनी विचारलं होतं. नाही हो, हात उत्तम आहे, भूमिती आडवी आली.

यातून कामाचा नियम असा निघतो. मधला भाग उठावात ठेवायचा असेल, म्हणजे आतली भिंत महत्त्वाची असेल, तर 12 किंवा 6 पासून सुरुवात करून 3 किंवा 9 कडे या. वर्तुळाचे चार तुकडे, चार वेगळे काप. उलट मध्ये खड्डा करायचा असेल आणि बाहेरची कड स्वच्छ हवी असेल, तर 3 किंवा 9 पासून 12 किंवा 6 कडे जा. पान असो, पाकळी असो, अक्षराची गोलाई असो, हिशेब हाच. वळण कुठे तंतूंना समांतर होतं आणि कुठे आडवं, एवढं हेरलं की बाण काढता येतात.

बाण खरोखरच काढा, पेन्सिलीने, फळीवर. मनातल्या बाणांवर माझा विश्वास नाही. कोरता कोरता ते उडून जातात, तेव्हा पुन्हा काढा. माझ्या कामावर अर्ध्या रस्त्यात नक्षीपेक्षा बाणच जास्त दिसतात.

व्ही पटाशी चालवताना ती टाकाऊ बाजूकडे किंचित कलती ठेवली तर ठेवायच्या भिंतीवर तिचा पंख सरळ आणि हलका चालतो. दोन्ही भिंती ठेवायच्या असतील, समजा पानाची शीर किंवा केसांची बट, तर पहिल्या फेरीत खोबण मुद्दाम अरुंद घ्या, मग प्रत्येक भिंतीला तिच्या सोयीच्या दिशेने एक पातळ काप द्या. वेळ दुप्पट लागतो. त्याला इलाज नाही.

12 आणि 6 च्या आसपास आणखी एक गंमत होते. तिथे तुम्ही तंतूंना जवळजवळ समांतर जात असता, त्यामुळे काही फाटत नाही, पण रेषा पटाशीला आपल्याबरोबर ओढून नेते. वर्तुळ तिथे चपटं होतं. जोर कमी करा, मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, बारीक टकटक करत जा, हाताने ढकलू नका.

खोलगट कामात, चमच्याच्या किंवा वाडग्याच्या पोटात, हाच नियम उभ्या दिशेने लागतो. दोन्ही टोकांच्या काठांवरून तळाकडे उतरायचं आणि तळाशी थांबायचं. तळ ओलांडून समोरची चढण चढलात की तिथे ढलपी उचकटणार. दोन्हीकडचे काप तळाशी एकमेकांना भेटतात तिथे थोडी गडबड राहतेच, ती नंतर आडव्या, पातळ कापांनी साफ करता येते.

आता जरा कटू बोलतो. हे सगळं समजूनही लोक चुकीच्या दिशेने कोरतात, आणि त्याचं कारण अज्ञान नसून कंटाळा आहे. दिशा बदलायची तर फळी फिरवावी लागते. फळी फिरवायची तर क्लॅम्प सोडावा लागतो. "एवढासाच भाग उरलाय, असाच काढतो" म्हणत माणूस मनगट वाकडं करून रेषेविरुद्ध घुसतो आणि पाकळी जाते. मी दोन गोष्टी सुचवतो. एक, काम एका मोठ्या टाकाऊ फळीवर खालून स्क्रू मारून बसवा (स्क्रूची लांबी मोजून घ्या, कोरताना त्याचं टोक धारेला लागलं तर तो दिवस वाया) आणि ती मोठी फळी टेबलाच्या कोपऱ्याला पकडा, म्हणजे तुम्हालाच दोन-तीन बाजूंनी फिरता येतं. दोन, हात बदलायला शिका. उजवा हात मुठीवर आणि डावा पात्यावर, हे उलटं करून रोज दहा मिनिटं टाकाऊ लाकडावर सराव केला की काही आठवड्यांत डावा हात रुसायचा थांबतो. सुरुवातीला फार विचित्र वाटतं, हे खरं.

धार: जी आहे असं वाटतं पण नसते

सगळीकडे फाटत असेल तर धारेकडे या. इथे अडचण अशी की प्रत्येकाला आपली पटाशी धारदारच वाटते, कारण तिने बोट कापतं. बोट कापणं ही काही परीक्षा नाही. पत्र्याचा डबाही बोट कापतो.

परीक्षा घ्यायची ती मऊ लाकडावर. पाइनचा टाकाऊ तुकडा घ्या आणि तंतूंना अगदी आडवा, उथळ काप द्या. पाइनमध्ये वर्षाच्या सुरुवातीला वाढलेला थर मऊ असतो आणि नंतरचा कडक. बोथट धार कडक थर कापते पण मऊ थर चिरडते, त्यामुळे कापात मऊ पट्टे खरबरीत आणि कोमेजल्यासारखे दिसतात. धार खरी असेल तर दोन्ही थर सारखेच चमकतात. म्हणजे मऊ लाकडाला धार जास्त लागते, कमी नाही. पाइनवर हात बसत नाही म्हणून सागवानावर गेलेले आणि "इथे बरं कोरलं जातं" म्हणणारे मी पाहिले आहेत. बरं कोरलं जातं कारण घट्ट लाकूड बोथटपणा काही काळ लपवतं. शिवाय सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. थोड्या वेळाने तिथेही तेच रडगाणं.

कापाच्या चमकत्या पृष्ठावर एखादी बारीक पांढरी रेघ सतत येत असेल, तर धारेवर त्या जागी खाच आहे. धार दिव्याकडे करून बघा. खऱ्या धारेला रुंदीच नसते, म्हणून ती प्रकाश परत फेकत नाही. जिथे बारीक चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो, तिथे धार नाही.

तिसरी परीक्षा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित. पटाशीचा बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतरता भाग, लाकडावर टेकवा आणि पुढे हलकं ढकलत मूठ हळूहळू वर उचला. बेव्हल टेकल्यावर मूठ जेमतेम उचलताच धार चावली तर ठीक. बरीच उचलावी लागली, आणि मग एकदम खोल घुसली, तर धारेचं टोक गोलावलेलं आहे. अशी पटाशी कागद कापते, बोट कापते, पण लाकडावर एक तर घसरते नाही तर खड्डा पाडते. ताबा राहतच नाही.

टोक गोलावतं कशाने? आमच्याकडे बहुतेक वेळा चामड्याच्या पट्ट्यावर. पट्टा म्हणजे स्ट्रॉप, त्यावर हिरवी किंवा पिवळी पॉलिशची कांडी घासलेली. पटाशी त्यावर फक्त मागे ओढायची असते, धार मागे राहील अशी. लोक जोरात दाबतात, चामडं खाली दबतं आणि धारेमागे फुगून वर येतं, त्याने धार घासली जाते. आणि ओढ संपता संपता मूठ झोकात वर उचलतात, न्हाव्याच्या वस्तऱ्याची नक्कल केल्यासारखी. त्या शेवटच्या झटक्यात सगळं काम बिघडतं. ओढ संपली की आधी थांबा, मग पटाशी सरळ उचला. पट्टा पातळ आणि कडक असावा, लाकडी पट्टीला घट्ट चिकटवलेला. जाड, गुबगुबीत चामडं नको.

एकदा टोक गोलावलं की पट्ट्यावर तासभर घासूनही ते परत येत नाही, उलट आणखी गोल होतं. दगडावरच जावं लागतं. बेव्हलवर मार्करने रंग लावा, 1000 ग्रिटच्या (मध्यम बारीक कणांच्या) दगडावर दोन-तीन घासे मारा आणि बघा रंग कुठला गेला. मागचाच रंग गेला आणि धारेजवळचा राहिला तर कोन अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. पोचेपर्यंत घासत राहा. नवशिके इथेच घाई करतात. पोचल्याची खूण म्हणजे उलट्या बाजूला, पूर्ण रुंदीभर, बोटाला जाणवणारी बारीक लोखंडी किनार. तिला बर म्हणतात. ती अर्ध्याच रुंदीला आली तर काम अर्धंच झालंय.

गोल पटाशी, म्हणजे गाउज, दगडावर घासताना ती पुढे-मागे करतानाच मनगटाने एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लोळवायची असते. जास्त लोळवली की दोन्ही कान झिजून गोल होतात, कमी लोळवली की मधला भाग खचतो. कान म्हणजे धारेची दोन्ही टोकं, ती टोकदारच राहायला हवीत. मग आतली बर काढायला त्या गोलाईला बसेल असा दगडाचा पातळ तुकडा, किंवा गोल दांडीवर गुंडाळलेला बारीक सँडपेपर. त्यानंतर 4000 किंवा त्याहून बारीक दगड, आणि शेवटी पट्टा, दहा-पंधरा ओढी, हलक्या हाताने. हाताने ढकलायच्या पटाशीला 20 ते 25 अंशांचा कोन पुरतो. मोगरीने कडक लाकडात ठोकायची असेल तर थोडा जास्त ठेवा, नाही तर धार मोडेल.

ग्राइंडरवर पाजवणार असाल तर एक इशारा. साध्या कार्बन पोलादाचं पातं तापून निळं पडलं, की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. निळा रंग साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, आणि पातळ धारेवर तो डोळ्यांदेखत येतो. नंतर घासून रंग गेला तरी मऊपणा जात नाही. निळा भाग पूर्ण घासून टाकेपर्यंत ती पटाशी दर पाच मिनिटांनी बोथट होणार. "धार लावली की लगेच जाते" अशी तक्रार असलेल्या पटाशीचा इतिहास विचारा, बहुधा कोणीतरी ती कधीतरी निळी केलेली असते.

एक गूढ, ज्याने मला महिनाभर छळलं

एका दादांची धार दर अर्ध्या तासाला जायची. पटाशी चांगली, पाजवणं माझ्यापेक्षाही चांगलं, लाकूड लाइमचं (लिंडन नावाचं झाड, लिंबू नव्हे), म्हणजे कोरायला सर्वांत सोप्या लाकडांपैकी एक. मी स्वतः त्यांच्या पटाशीला धार लावली, माझ्या फळीवर वापरली, तासभर टिकली. त्यांच्या हातात दिली, अर्ध्या तासात गेली. मी त्यांच्या हाताच्या दाबावर, कोनावर, पट्ट्यावर संशय घेऊन झाला.

शेवटी एकदा ते सामान लावत असताना मी आधीच पोचलो होतो. बसल्या बसल्या त्यांनी आधीच्या आठवड्याच्या कामावर सँडपेपर फिरवला, "जरा स्वच्छ दिसावं म्हणून," आणि मग कोरायला घेतलं. सँडपेपरचे कण लाकडाच्या छिद्रांत अडकून बसतात, आणि ते पोलादापेक्षा कडक असतात. म्हणजे ते दर आठवड्याला वाळूत कोरत होते. फुंकर मारून किंवा ब्रशने ते कण पूर्ण निघत नाहीत. तेव्हापासून टेबलावर सांगतो: सँडपेपर लागलेल्या जागी पुन्हा चांगली पटाशी लावायची नाही. लावावीच लागली तर जुनी पटाशी घेऊन वरचा थर काढून टाका.

धार जायची बाकीची कारणं साधी आहेत. पिशवीत पटाश्या एकमेकींवर आपटतात, तेव्हा प्रत्येकीला कापडी खण हवा. आणि अडकलेली ढलपी पटाशीने उचकून काढायची सवय. ढलपी सुटत नाही याचा अर्थ ती कुठेतरी कापली गेलेली नाही, तिथे दुसरा काप द्या. उचकलंत तर धारेचा कान तुटतो.

दोन्ही काठांना दाते

हे थोडक्यात. गोल पटाशी चालत असताना तिचे दोन्ही कान लाकडाच्या वर दिसले पाहिजेत. कान लाकडात बुडाले की त्यांच्या बाहेरचे तंतू कापले जात नाहीत, ढलपीबरोबर उपटले जातात. उथळ काप घ्या, किंवा जास्त खोलगट पटाशी घ्या. शेफील्डच्या जुन्या क्रमांकपद्धतीत 3 नंबरची पटाशी जवळजवळ सपाट असते आणि 9 नंबरची अर्धवर्तुळाच्या जवळ जाते. खोल माती उपसायला जसं थाळीने कोणी जात नाही, तसं खोल खोबण काढायला 3 नंबर घेऊ नये. लोक घेतात, कारण तीच हाताशी असते.

लाकूड खरोखर दोषी असतं तेव्हा

गाठीभोवती तंतू वळसा घेऊन जातात, त्यामुळे गाठीच्या एका बाजूची योग्य दिशा दुसऱ्या बाजूला चुकीची ठरते. गाठीभोवतीची ठिगळं फाटत असतील तर नक्षीच थोडी सरकवा. शिकायच्या काळात गाठीशी कुस्ती खेळण्यात काही मिळत नाही.

महोगनीसारख्या काही लाकडांत तंतू थराथराने उलटसुलट तिरके वाढलेले असतात. अशा फळीवर उजेडात पट्टे चमकतात आणि फळी फिरवली की गडद-फिके पट्टे जागा बदलतात. दिसायला सुंदर, कोरायला वैताग. एक पट्टा डावीकडून स्वच्छ निघतो, शेजारचा उजवीकडून. इथे उपाय दिशेचा नाही, पद्धतीचा. चामड्याच्या पट्ट्यावरून नुकती आलेली धार, कागदाएवढी पातळ ढलपी, आणि पटाशी सरळ ढकलण्याऐवजी तिरकी सरकवत नेणं, सुरीने पाव कापताना आपण सुरी मागेपुढे करतो तसं. सरकता काप तंतूंना उचलायला वेळच देत नाही.

लाकूड फार सुकलेलं असेल तर तंतू ठिसूळ होतात आणि कापण्याऐवजी तुटतात. अर्धं पाणी आणि अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीतून हलकंसं मारा, काही मिनिटं थांबा आणि मग कोरा. कडक पाइनवर फरक लगेच जाणवतो. मिश्रण पेटतं, तेव्हा जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, आणि काम झालं की पातं पुसून तेलाचं बोट फिरवा, नाही तर गंजेल. भिजवून चिंब मात्र करू नका, सुकताना तडे जातील.

कुठे हातच लावू नये असं लाकूडही असतं. बुरशीने अर्धवट खाल्लेल्या लाकडावर काळ्या नक्षीदार रेघा दिसतात, मोह होतो, पण आतला एखादा भाग ब्रेडसारखा मऊ असतो. नखाने दाबून बघा. खड्डा पडला तर ती फळी कोरायला नाही.

पाकळीचं टोक पुन्हा पुन्हा तुटत असेल तर ते आणखी वेगळं. टोक तंतूंना आडवं आलेलं असेल तर तिथे तंतूंची लांबी काही मिलिमीटरच उरते, आणि ते बिस्किटासारखं तुटतं. नक्षी फळीवर उतरवतानाच सगळ्यांत नाजूक भाग तंतूंच्या दिशेने पडतील असं बघा. शिवाय पाकळीभोवती उभा काप मारताना पटाशी आत, पाकळीच्या पोटाखाली कलली, तर आधारच जातो. किंचित बाहेर कलती ठेवा, पोटाखालचं काम सगळ्यात शेवटी.

फाटलंय, आता काय

पहिली सूचना: सँडपेपरकडे हात नेऊ नका. कारण वर आलंच आहे.

ढलपी अर्धवट उचकटून अजून जागेवर लटकत असेल तर ती ओढू नका. पातळ केलेला लाकडाचा गोंद टूथपिकने खाली सोडा, ढलपी दाबून बसवा, वर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चिकटपट्टीने आवळा आणि रात्रभर विसरून जा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाही तर पॉलिश करताना तिथे डाग राहतो, कारण गोंदावर पॉलिश शिरत नाही. तुटून पडलेला तुकडा सापडला तर तोही असाच बसतो. मी टेबलाखाली रांगत पाकळ्यांची टोकं शोधलेली आहेत, लाज वाटायचं कारण नाही.

नुसता खरबरीतपणा असेल तर ज्या दिशेने फाटलं तिच्या उलट दिशेने, नुकत्या पाजवलेल्या पटाशीने, पातळ पातळ काप घेत जा. उचकटलेल्या खड्ड्याचा तळ लागेपर्यंत सगळा पृष्ठभाग खाली न्यावा लागतो. एक मिलिमीटर गेला तर नक्षीचं काही बिघडत नाही. पाकळी थोडी बारीक होईल, शेजारचीही तेवढीच बारीक करा, कोणाच्या लक्षात येत नाही. फारच खोल गेलं असेल तर पानाला तिथे एक शीर द्या किंवा कड दुमडलेली दाखवा. आमच्या टेबलावरच्या बऱ्याच "नैसर्गिक" दुमडींचा उगम हाच आहे.

आणि घाईत दुरुस्ती करताना एक लक्षात असू द्या. चिडलेला माणूस पटाशीवर जोर लावतो, आणि पकडलेला हात धारेसमोर आणतो. काम क्लॅम्पने पकडा, दोन्ही हात धारेच्या मागे. छोटं काम हातात धरून चाकूने कोरत असाल तर धरणाऱ्या हातात काप-रोधक हातमोजा घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो सरकता काप अडवतो, टोकाचा भोसका अडवत नाही.

पुढच्या वेळी फळी घेऊन याल तेव्हा त्या वर्तुळाचा तुकडाही आणा. खोबण 6 ते 3 मध्ये कशी आहे आणि 3 ते 12 मध्ये कशी, एवढं बघितलं की बाकीचं बोलणं दोन मिनिटांचं असतं.